एकोणीस हजारांची शेकोटी

शनिवार, २ नोव्हेंबर २०२४
डब्लिन, ओहायो

पोचलो. नागपूर, दिल्ली, शिकागो, कोलंबस, असा एकतीस तासांचा प्रवास झाला आणि ह्या दादाराव मेश्रामाला विमानात एकदाही मळमळलं नाही, ही नोंद सगळ्यात आधी. विमानतळावर आयुष पाया पडायचं सोडून गळ्यातच पडला. तेहतीस वर्षांचा घोडा, पण रडला. हर्षिता गाडीतच बसून होती. तिला सहावा महिना संपत आलाय. सूनबाई आमची काटोलची, त्यामुळे गाडीत बसल्या बसल्या पहिला प्रश्न, बाबा, संत्र्याची बर्फी आणली का? आणली होती. घरी पोचेपर्यंत अर्धा डबा संपला.

घर नवं कोरं. ताबा मिळून तीनच आठवडे झालेत, रंगाचा वास अजून गेला नाही. गुडघ्यांमुळे मला खालची खोली दिलीय. खिडकीतून दुसऱ्याचं तसंच घर दिसतं.

आणि बैठकीत शेकोटी! इकडे फायरप्लेस म्हणतात. जमिनीपासून थेट छतापर्यंत अठरा फूट राखाडी दगडाची भिंत, मधोमध काचेमागे गॅसच्या जाळाची जागा, समोर बसायला दगडी ओटा. मी खर्च विचारला. आयुष टाळायला लागला, हर्षितानं सांगून टाकलं. शेकोटी साडेसात हजार, दगड आणि गवंडीकाम आठ हजार, गॅसची लाइन चौदाशे, वरची लाकडी फळी नऊशे, बाकी धुराडं, परमिट वगैरे धरून एकोणीस हजार डॉलर. मी मनातल्या मनात चौऱ्याऐंशीनं गुणलं. सोळा लाख! रिटायर होताना वीज मंडळानं मला याहून कमी दिले होते. हर्षिता हसून म्हणाली, बाबा, इथं गुणायचं नसतं, नाहीतर माणूस कोथिंबीरही घेणार नाही.

आयुष म्हणाला, आईसाठी बांधली.

अंजनाला थंडी फार. मे महिन्यात नागपुरात कूलर लावला की ही अंगावर चादर घेऊन बसायची. तिकडे बर्फ पडते म्हणे, मी नाही येत बाप्पा, असं फोनवर म्हणायची. तेव्हा आयुषनं कबूल केलं होतं, आई, घर घेतलं की तुझ्यासाठी आत शेकोटी बांधतो. घर झालं, शेकोटी झाली. अंजना जानेवारीत गेली. आयुषचे व्हिसाचे कागद तेव्हा अडकलेले होते, देश सोडला तर परत येता आलं नसतं. त्यानं आईला शेवटचं पाहिलं ते माझ्या फोनवर.

असो. आजचा दिवस चांगला आहे. मीटर टेस्टिंगमध्ये चौतीस वर्षं लॉगबुक लिहिलं, तेव्हा इथंही रोजच्या रोज लिहायचं ठरवलंय.

गुरुवार, ७ नोव्हेंबर

आज संध्याकाळी शेकोटी पहिल्यांदा पेटवली. मी येईपर्यंत आयुषनं पेटवली नव्हती. फळीवर बुद्धाची मूर्ती आणि शेजारी अंजनाचा फोटो ठेवला, तिघांनी वंदना घेतली आणि बटण माझ्या हातानं दाबायला लावलं. जाळ सुरेख. निळा, मग केशरी. हर्षितानं फोटो काढले, माझा तर रुबाबदार आला.

एक गंमत. बैठकीतल्या थर्मामीटरवर पेटवताना सत्तर होतं, तासाभरानं चौसष्ट. इकडच्या फॅरनहाइटची मला सवय नाही म्हणून पुन्हा पाहिलं. चौसष्टच. हर्षिता शाल घेऊन बसली होती.

आयुष म्हणाला, धुराड्यातून उबदार हवा ओढली जात असेल. असेल. चूक आधी उपकरणात शोधायची, हा आमचा पहिला धडा.

मंगळवार, १२ नोव्हेंबर

मेकॅनिक येऊन गेला. नुसतं यायचे अडीचशे डॉलर. गॅसचं प्रेशर बरोबर, धुराडं बरोबर, विषारी वायूचा अलार्म बरोबर, काचेला फट नाही. मी त्याच्याबरोबर प्रत्येक गोष्ट पाहिली. त्याला माझं इंग्रजी कळत नव्हतं, पण मीटर वाचणारा माणूस मीटर वाचणाऱ्याला ओळखतो. काही दोष नाही, असं त्यानं लिहून दिलं. लिहिताना ओट्यावर बसला होता, लगेच उठला आणि जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

हर्षिता घरूनच काम करते. वर थंडी वाजते म्हणून लॅपटॉप घेऊन शेकोटीसमोर बसते, आणि तिथं तिला जास्तच वाजते.

मी दुपारी ओट्यावरून हात फिरवून पाहिला. दगड सगळीकडे गरम. उजव्या टोकाला मात्र एक जागा गार, अशी गार की हात काढून घ्यावा लागला. कडा चाचपल्या. एक बाई मांडी घालून बसेल एवढी जागा.

तिथं निलगिरीच्या तेलाचा वास होता. हर्षिताला विचारलं, तिनं लावलं नव्हतं. घरात बाटलीच नाही.

मंगळवार, १९ नोव्हेंबर

मी भूतखेत मानत नाही. माझ्या बापानं छप्पन साली दीक्षाभूमीवर हे सगळं सोडलं, मीही कधी लिंबू ओलांडताना थबकलो नाही. मरून गेलेलं माणूस परत येत नाही, हे मी स्वतः पोरांना शिकवलंय.

पण खोकला मी ओळखतो. अडतीस वर्षं उशीजवळ ऐकलेला, निलगिरीच्या वासासकट. दोनदा कोरडा, मग एक लांब. दुपारी तीन वाजता, लख्ख उजेडात, ओट्याच्या उजव्या टोकाकडून.

भीती वाटायला हवी होती. मी स्वयंपाकघरात जाऊन दोन कप चहा केला.

रविवार, २४ नोव्हेंबर

आधी पावलं दिसली. टाचांना भेगा, डाव्या पायात जोडवं सैल. काल हात. आज सगळी अंजना, पाठमोरी, जाळाकडे तोंड करून बसलेली. पाण्यातून पाहावं तशी. मी शेजारी बसलो. काटोलच्या व्याह्यांचं सांगितलं, बाळाचं सांगितलं. ती वळली नाही. एवढंच म्हणाली,

"थंडी वाजून राहिली जी."

दहा महिन्यांनी आवाज ऐकला. पोरांसमोर रडायला नको म्हणून बाहेर जाऊन उभा राहिलो. बाहेर बर्फ भुरभुरत होता, पण आतल्यापेक्षा बाहेर बरं वाटत होतं.

आता मी दिवसभर शेकोटी चालू ठेवतो. पोरांना सांगितलं, म्हातारी हाडं आहेत. आयुषला बरं वाटलं, खर्च वसूल झाला म्हणाला.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

इकडे आज सुट्टी. आयुष घरी. हर्षिता सोफ्यावर दोन रजया घेऊन पडून. नखं निळसर. काल डॉक्टरकडे जाऊन आली, बाळाची वाढ दोन आठवडे मागे आहे म्हणाले. रक्त तपासलं, काही सापडलं नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा बोलावलंय. हर्षिता हसून म्हणाली, बाबा, तुमचा नातू आळशी आहे. ओठ थरथरत होते तिचे.

अंजना मात्र आज स्पष्ट दिसली. पाण्यातून नाही, हवेतून. गालावर रंग होता.

एकीचा रंग येतो, दुसरीचा जातो. मी लिहिलं, आणि लिहिल्यावर कळलं की हे मला चार दिवसांपासून माहीत आहे.

शनिवार, ३० नोव्हेंबर

सकाळी कुणाला न सांगता शेकोटी बंद केली. दहा मिनिटांत जाळ पुन्हा पेटलेला. तळघरात जाऊन गॅसचा व्हॉल्व्ह बंद केला. वर आलो, जाळ तसाच. बाहेर भिंतीवर गॅसचं मीटर आहे, बर्फ पुसून पाहिलं. काटा हलत नव्हता. पंधरा मिनिटं उभा होतो तिथं.

चौतीस वर्षं लोकांच्या घरची मीटरं तपासली. काही जळत असेल तर ते कुठून तरी येतंच. इथलं फिरत नाही. मग कुणाचं फिरतंय?

हर्षिताचा ताप मोजला. पंच्याण्णव. म्हणजे ताप नाहीच, त्याच्या उलट.

एक गोष्ट मी कुणाला सांगितली नाही. इथं लिहितो.

जानेवारीत अंजनाला निमोनिया झाला तेव्हा खाजगी दवाखान्यानं तीन लाख डिपॉझिट मागितलं होतं. आयुषला कळलं. त्याचा फोन आला, बाबा, घर बुक केलंय त्यातल्या शेकोटीचा हप्ता ह्या आठवड्यात भरायचाय, तो कॅन्सल करतो आणि पैसे पाठवतो, शेकोटीचं काय, नंतर पाहू. मी म्हणालो, नको. सरकारी दवाखान्यातही डॉक्टरच असतात. तू शेकोटी बांध, तुझी आई बरी होऊन तिच्यासमोर बसेल.

मला खरंच तसं वाटलं होतं. आणि पोरासमोर हात पसरायची लाजही होती. दोन्ही होतं.

वॉर्डात खाट नव्हती. व्हरांड्यात गादी, खाली फरशी. नागपूरची जानेवारीतली पहाट. पाचव्या दिवशी गेली. आयुषला वाटतं आईला सगळं मिळालं. तसं मीच सांगितलंय.

शेकोटीची किंमत एकोणीस हजार नाही.

रविवार, १ डिसेंबर

आयुषला सांगितलं. दवाखान्याचं नाही, ते तोंडातून निघालं नाही. फक्त एवढंच की तुझी आई इथं बसते आणि हर्षिता झिजते आहे, ही शेकोटी फोडायला माणूस बोलाव.

तो म्हणाला, मला माहीत आहे, बाबा. मला गेल्या सोमवारपासून दिसते.

ऑफिसला जायच्या आधी तो तिच्या पायाशी बसतो. रोज. मी पाहिलं नव्हतं.

मी म्हणालो, आयुष, हर्षिताचं अंग बघ. तो म्हणाला, डॉक्टर बघतील, औषध देतील. मग ओरडला, "मी तिला खांदा दिला नाही, बाबा! स्क्रीनवर पाहिलं तिला जळताना. ती आता घरात आलीय, आणि मीच विझवू?"

दवाखान्याचं तेव्हा तरी सांगायला हवं होतं.

सोमवार, २ डिसेंबर

हर्षिता जिन्यात पडली. अँब्युलन्स आली. आयुष तिच्याबरोबर गेला, जाताना एकदा ओट्याकडे पाहिलं — मी त्याला दाराबाहेर ढकललं. पोराला कधी हात लावला नव्हता.

मीही जाऊ शकलो असतो. पण घर रिकामं राहिलं तर ती कुणाची वाट पाहील, कळत नाही.

संध्याकाळी जाळ लहान झाला. घरात मी एकटाच. अंजना पुन्हा पाण्यातून दिसते. थरथरते आहे. काही कळत नाही तिला, कुणाचं घेते ते. कधी कुणाचं काही घेतलं नाही तिनं. शेजारची वाटी परत करतानाही भरून —

मंगळवार, ३ डिसेंबर, सकाळ

आयुषचा फोन. हर्षिता शुद्धीवर. अंग गरम झालं. बाळाचे ठोके चांगले, काल रात्रीपासून सुधारतायत, डॉक्टरही चक्रावलेत.

पण त्याचा आवाज. दात वाजत होते. बाबा, मला घरी यायचंय, म्हणाला. आई एकटी असेल. हर्षिताचं थांबलं, आता त्याचं फिरतंय.

मग सांगितलं. सगळं. डिपॉझिट, व्हरांडा, फरशी. तुझी चूक नव्हती, माझी होती. तुला तिचं काही देणं नाही. मला आहे.

त्यानं फोन ठेवला. पोरगा माझ्याशी पुन्हा बोलेल की नाही — नाही बोलला तरी चालेल. घरी येऊ नये.

त्याच दिवशी, दुपार

ओट्यावर बसलोय. तिच्या शेजारी, चिकटून. वही मांडीवर. जाळ मोठा झालाय.

तिलाही सांगितलं.

तिला माहीत होतं. म्हणाली, ऐकलं होतं मी, जागीच होती. तुम्ही फोन ठेवून आले अन् आपलं स्वेटर काढून माझ्या पायावर टाकलं.

राग आला होता का, विचारलं.

आला होता, म्हणाली. मरेपर्यंत होता.

मग वळली. तोंड दिसलं. पहिल्यांदा —

हात धरलाय. उजव्या हातानं लिहितो, डावा तिच्याकडे. डावा कळत नाही आता. बोटं पांढरी. तिची गरम. खूप वर्षांनी एवढी गरम

फोन वाजतो आहे. आयुष. उचलायला उठावं लागेल

थरथर थांबली तिची. खोकला नाही. डोळे मोठे करून माझ्याकडे पाहते, माझ्या बोटांकडे — तिला आत्ता कळलं — कुणाचं —

बस झालं जी, म्हणते. आता नाही वाजत. उठा. पोराकडे जा

हात ओढून घेते आहे. मीच सोडत नाही

उठा न जी उठा

रडते आहे अंजना. तिला सांगतो की मी इथं