अबलख घोडा आणि अण्णांचं खोटं

कोलंबस, ओहायो

ती. अण्णांना,
रागावलेल्या शरयूचा साष्टांग नमस्कार.

फोनवर मी चिडले की तुम्ही लगेच आईकडे फोन देता, म्हणून कागदावर लिहितेय.

काल देवदत्तकाकांचा फोन आला होता. त्यांच्या ईशानला एआयला अ‍ॅडमिशन कशी मिळेल, असं मला विचारत होते. कारण तुम्ही त्यांना सांगितलंय, मी इथे कॉम्प्युटर करते. अण्णा, मी आयरिश भाषेतल्या घोड्यांच्या आणि गुरांच्या नावांवर पीएचडी करतेय. यात लपवण्यासारखं काय आहे?

तब्येत चांगली आहे. थंडी खूप आहे, पण वेळेवर जेवते, असं आईला सांगा. तिचा गुडघा कसा आहे?

परवा क्लासमध्ये मॅडमनी काळ्यापांढऱ्या घोड्याचा फोटो दाखवला. आयरिशमध्ये त्याला 'अलव्रॅक' म्हणतात. तुमच्या भाषेत काय म्हणतात, असं त्यांनी विचारल्यावर मी लगेच म्हटलं, अबलख. कुणी शिकवलं, म्हणाल्या. मी सगळ्यांसमोर सांगितलं, माझे वडील गुरांचे डॉक्टर आहेत. लहानपणी मला खांद्यावर बसवून सारंगखेड्याच्या घोडेबाजारात न्यायचे आणि एकेका घोड्याचा रंग ओळखायला लावायचे.

माझे वडील काय करतात हे मी परक्या लोकांना सांगितलं. तुमची मुलगी काय करते, हे तुम्हाला सख्ख्या भावालाही सांगवेना.

काकांना खरं सांगितलंत की फोन करा. तोवर मी आईशीच बोलेन.

तुमचीच,
शरयू