मोहगावच्या सभेत बकरीची साक्ष

सौंसर, १८ ऑगस्ट १९८६

आदरणीय गुलाबभाऊजी,

सप्रेम जयभीम. ताईचा खोकला थांबला का, हे आधीच विचारून घेतो, कारण एकदा विषयाला हात घातला की मला खुशाली आठवायची नाही.

काल मोहगावला सभा झाली. तिथल्या आखरावर, म्हणजे गावची जनावरं जमतात त्या मोकळ्या जागेत, गाजर गवत कमरेएवढं माजलं आहे. (परदेशी गव्हाबरोबर आलं म्हणतात. आलं ते आलं, आमचा सगळा चारा दाबून बसलं.) माझी मागणी एकच, बी गळायच्या आत सगळ्या गावानं श्रमदान करून ते उपटावं. पण तुमचा मित्र सुखदेव आडवा आला. हिरवं आहे ना, भूक लागली की जनावरं शिकतील खायला, असं त्याचं म्हणणं, आणि निम्मं गाव त्याच्या बाजूचं. मी म्हटलं, जनावरालाच विचारू. म्हणून आमच्या इंदूची बकरी कंडक्टरशी भांडून बसमधून नेली.

भाषण काय रंगलं, भाऊजी! जनावर परकं गवत कसं ओळखतं ते मी समजावलं. आधी लांबून वास घेतं, मग नाक फेंदारून फुरफुरतं, एखादं पान चाखलंच तर त्याची कडू चव विसरत नाही. पिल्लू तर आईचं तोंड हुंगून शिकतं. जे या मुक्या जिवाला कळतं, ते मत देणाऱ्या माणसाला का कळू नये, असं विचारून मी बकरीपुढे पेंढी धरली. तिनं मान फिरवली. टाळ्याच टाळ्या! त्या भरात तिला थोपटायला वाकलो, तर ती माझ्याकडे बघूनही तशीच फुरफुरली. रोज माझ्या ताटातली भाकर खाणारी बकरी! मी पुढे सरकलो की ती मागे सरके, शेवटी टेबलाखाली शिरली. सुखदेव जवळ आला, माझ्या गळ्यातला हार दोन बोटांनी उचलून म्हणाला, "गुरुजी, बकरीनं वळखलं. तुमी तं गळ्यात घालून राहिले."

झालं होतं असं की झेंडू अजून फुललेला नाही, म्हणून गावातल्या कमलबाईंनी आखरावरचीच नाजूक पांढरी फुलं ओवून मोठ्या प्रेमानं हार केला होता. तोच मी तासभर मिरवत होतो. लोक पोट धरून हसले. कमलबाई मात्र हसल्या नाहीत. माझ्या गळ्यातला हार काढून घेऊन त्या लोकांकडे वळल्या. "हसून काय राहिले? माह्या हातानं ओवला, मलेबी नाही समजलं. येत्या रविवारी उपटू." सगळ्यात आधी हात वर केला तो सुखदेवनं! ठराव झाला, भाऊजी, एकमतानं झाला!

तुमचा,
सुधाकर

ता. क. मान सुजून डोक्याएवढी झाली आहे. त्या गवताजवळ फिरकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय, आणि पहिलं रोप मी उपटणार असं मी जाहीर करून बसलोय. तेव्हा रविवारी सकाळच्या गाडीनं पांढुर्ण्याहून या आणि माझ्या वतीनं तुम्ही उपटा. (हातात घालायला जुने पायमोजे आणा.)

पुन्हा ता. क. खरं काम हे. रविवारी भाषण ठेवायचं नाही, असंही काल एकमतानंच ठरलं. मी बोललो तर उपटायला दिवस उरणार नाही, म्हणतात. सुखदेव तुमचं ऐकतो. दूर उभं राहून मला पाच मिनिटं बोलू द्यावं, एवढं त्याला सांगा. बकरीचा विषय काढणार नाही.