अर्जदाराला कधीपासून ओळखता

१४ जुलै, सोम.
सकाळी गाडीच्या काचेवर बर्फ, इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा. जुन्या मेडिकेअर कार्डाने खरवडत होते, तेवढ्यात लॅब सायंटिस्टांच्या असोसिएशनची मेल, माझ्या मेंबरशिपच्या अर्जावर. 'डिअर मिस कुसुम.' म्हटलं, चुकून दुसऱ्या कुणाची आली. मग डोक्यात उजेड पडला. कुसुम म्हणजे आई!

आपल्या युनिव्हर्सिटीच्या सर्टिफिकेटवर आधी आडनाव, मग मी, मग बाबा, सगळ्यात शेवटी आई. यांनी शेवटचं ते आडनाव धरलं. पासपोर्टवर कुसुम कुठेच नाही. म्हणजे डिग्री जिची ती आणि मी, एकच बाई का, हा यांना प्रश्न. फोन केला. मुलगी गोड बोलली. नो वरीज, एक डिक्लरेशन द्या म्हणाली. असोसिएशनच्या कुणा मेंबरने लिहून द्यायचं की मी हिला किमान बारा महिने व्यक्तिशः ओळखतो आणि दोन्ही नावं हिचीच.

१५ ऑगस्टपर्यंत. त्याच दिवशी आमच्या लॅबमधल्या सायंटिस्टच्या जागेचे अर्ज बंद होतात, आणि मेंबरशिप नसेल तर अर्जच घेत नाहीत. मुंबईत सहा वर्षं रक्ताचे रिपोर्ट स्वतःच्या सहीने दिले. इथे तेरा महिने असिस्टंट. नळ्यांना लेबलं लावा, मशीन भरा, स्लाइडी करा. ब्रिस्बेनपासून दोन तासांवरच्या या टूवूंबात अशी जागा परत कधी निघेल देव जाणे. देव मानत नाही, तरी जाणे.

१५ जुलै
लंचला गाडीतून आईला फोन. मिस कुसुम ऐकून पोट धरून हसली. "मग घेऊ दे की मला मेंबर. चौथी पास चालते का विचार." 
मग नेहमीचं. जेवलीस का, काय जेवलीस, कुणाबरोबर जेवलीस. म्हटलं मैत्रिणींबरोबर. डबा मांडीवर, खिडक्या बंद, सुकटीचा वास गाडीभर.
तेरा महिने गाडीतच जेवते. पहिल्या आठवड्यात लंचरूममध्ये डबा उघडला तेव्हा कुणी काही बोललं नव्हतं. एकीने फक्त खिडकी उघडली. तेवढं पुरलं मला. माझा स्वभावच मेला तसा.

१७ जुलै, गुरु.
मेंबर कोण कोण, बघितलं. लॅबमध्ये दोनच. मॅनेजर, पण तो चार महिन्यांपूर्वी आलाय. आणि ग्लेनिस. 
ग्लेनिस माझ्या शेजारच्या स्टुलावर बसते, हाताच्या अंतरावर. वय साठीच्या पुढे, मायक्रोस्कोपला डोळे लावले की दोन-दोन तास मान वर करत नाही. आमचं आजवरचं संभाषण: मॉर्निंग, टा (म्हणजे थँक्स), सी यू. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणावं, तर कळसा बोलत नाही. तिला काय विचारायचं? बाई, तू मला ओळखतेस का?

२० जुलै, रवि.
टूनगॅबीच्या आपल्या बौद्ध ग्रुपची ऑनलाइन वंदना. सगळ्यांचे माइक चालू, प्रत्येकाचं पंचशील वेगळ्या ठिकाणी पोचलेलं. कुणाची तरी पोरं मागून 'मम, आय अॅम हंग्री.' टूनगॅबीत जवळजवळ सहा वर्षं राहिले तेव्हा हॉल दहा मिनिटांवर होता आणि मी कंटाळा करायची. आता इथे हीटरसमोर एकटी हात जोडून बसते.
नंतर सुनीलदादाला फोन केला. तो तिकडच्या एका लॅबमध्ये, असोसिएशनचा जुना मेंबर. आम्ही एकदाच भेटलोय, तीन वर्षांपूर्वीच्या जयंतीला. जयभीम करून सगळं सांगितलं. पूर्ण ऐकायच्या आतच म्हणाला, "पाठव गं फॉर्म, प्रतिभा. आपल्या माणसासाठी एवढं नाही करायचं?"
प्रतिभा नाही, प्रज्ञा. पण डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते.

२२ जुलै
दादाचा फॉर्म आला. दोन दिवसांत! 'कधीपासून व्यक्तिशः ओळखता?' समोर 'तीन वर्षं. कुटुंबाशी घरोबा.' 
घरोबा कुठला? मी खीर वाढत होते, त्याने दोनदा घेतली. झाला घरोबा. 
फाइल उघडून ठेवली आहे. अपलोडचं बटण दाबलं की झालं. दाबलं नाही.

२३ जुलै, बुध.
मशीनने एका पेशंटच्या प्लेटलेट फार कमी दाखवल्या. मी म्हटलं गुठळी झाली असेल, म्हणून मशीनला मोजता आल्या नसतील. ग्लेनिसने मान वर केली. "पाहिलंस, की वाटतंय?" 
वाटतंय, म्हटलं.
"मग बघ." 
स्लाइड केली, पाहिली. गुठळ्याच होत्या. पाहिल्या असं सांगितलं तेव्हा तिने कॉम्प्युटरवर लिहिलं, तोवर हात लावला नाही.
दादाच्या फॉर्मवर जे लिहिलंय ते कुणीच पाहिलेलं नाही. दिवसभर हेच डोक्यात. मुसावादा वेरमणी, खोटं बोलणार नाही, असं रविवारी म्हणायचं आणि मंगळवारी अपलोड करायचं?

२५ जुलै, शुक्र.
विचारलं. ग्लेनिसला, ग्लोव्हज काढताना, घाईघाईत, तोंड लाल करून. फॉर्म पुढे केला. तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचला. मग म्हणाली,
"तुझं काम मी ओळखते. तू कुठे राहतेस तेसुद्धा मला माहीत नाही, प्रॅड." 
प्रॅड. तेरा महिने प्रॅड. 
फॉर्म परत दिला नाही, सही केली नाही, ड्रॉवरमध्ये ठेवला. मी 'नो वरीज' म्हटलं आणि गाडीत जाऊन रडले. हात दाखवून अवलक्षण. कुणी सांगितलं होतं विचारायला?
राग तिचा आला की ती खरं बोलली याचा, कळत नाही. मला तरी तिचं काय माहीत आहे? गाडी पांढरी आहे. बस.

२७ जुलै, रवि.
शुक्रवारी चारपासून आत्तापर्यंत बोललेली वाक्यं: 'नो बॅग, थँक्स.' एकच. 
काल पिकनिक पॉइंटला जाऊन बाकावर बसले. खाली सगळी दरी, धुकं. एक म्हातारं जोडपं फोटो काढून द्या म्हणालं, दिला. माझा काढू का विचारलं, मी नुसती मान हलवली. का नको म्हटलं? 
एकटं वाटतं. लिहून टाकलं, आता बघू हलकं वाटतं का. नाही वाटत.

२९ जुलै, मंगळ.
ग्लेनिस, मायक्रोस्कोपमधून मान न काढता: "शनिवारी टीला ये. पत्ता चिकटवलाय." माझ्या मॉनिटरवर पिवळी चिठ्ठी. ओकी गावाच्या रस्त्याला, वीस मिनिटं ड्राइव्ह. 
फॉर्मबद्दल अक्षर नाही. मीही विचारलं नाही.

२ ऑगस्ट, शनि.
आत्ताच परत आले. हात गार आहेत पण लिहिते.
टी म्हणजे चहा. म्हणून बरोबर चारला हजर, पोह्यांचा चिवडा घेऊन. ग्लेनिस गमबूट घालून गुलाबांची छाटणी करत होती, केसांत काटक्या. माझ्याकडे बघतच राहिली. इथे टी म्हणजे रात्रीचं जेवण! सहाला! सात वर्षं झाली या देशात, पण टूनगॅबीत टीला कोण बोलावणार? तिथे 'जेवायला ये गं' म्हणतात. मेल्याहून मेल्यासारखं झालं. परत जाते म्हटलं. तिने दुसरी कात्री दिली.
अंधार पडेपर्यंत गुलाब छाटले. कोंब कुठे आहे ते बघून त्याच्या वर तिरपं कापायचं. हात कामात असले की बोलता येतं, तिलाही आणि मलाही. 
विचारत गेली, सरळ, पेशंटची हिस्टरी घ्यावी तशी. नाव नीट कसं म्हणतात? दहा वेळा म्हणून पाहिलं. 'द्न्या' जमलं, 'प्र' अडखळतो. अर्थ काय? सांगितला. कुसुम कोण?
आणि मी सांगितलं. इथे कुणालाच सांगितलेलं नाही. आई म्युनिसिपल हॉस्पिटलमध्ये आया होती. वॉर्डातली सॅम्पलं ट्रेमध्ये घालून लॅबमध्ये न्यायची. लॅबवाले म्हणायचे, ठेव तिथेच दारात. बाकीच्या आया आत जाऊन टेबलावर ठेवायच्या, पंख्याखाली दोन मिनिटं टेकायच्या. आईला आत ये कुणी म्हटलं नाही, सव्वीस वर्षं. शिवाशिव वगैरे शब्द कुणी काढला नाही, काढायची गरजच नव्हती. शाळा सुटली की मी तिच्याबरोबर त्या दारात उभी राहायची आणि आत मायक्रोस्कोप दिसायचा.
ग्लेनिस कापतच राहिली. 'ओह यू पुअर थिंग' म्हणाली असती तर मी गाडी काढून निघाले असते. कापतच राहिली. मग म्हणाली, "म्हणून तू आत येताना दारात थांबतेस. मला वाटायचं, मी तुला आवडत नाही."
मी थांबते? मला माहीतच नव्हतं.
जेवताना तिने तिच्या नवऱ्याचं सांगितलं. रे. दोन वर्षांपूर्वी नुसता थकवा म्हणून टेस्ट केली. सॅम्पल तिच्याच बेंचवर आलं. डॉक्टरच्या आधी तिने स्लाइडमध्ये कॅन्सरच्या पेशी पाहिल्या, मोजल्या, पुन्हा मोजल्या, आणि रिपोर्ट केला. मग कोट काढून घरी आली. तो याच गुलाबांना पाणी घालत होता. पाच महिने राहिला.
तेरा महिने मी त्याच बेंचवर तिच्या शेजारी बसते आहे. 
चिवडा सगळा खाल्ला तिने. तिखट लागला, नाक पुसत खाल्ला.

४ ऑगस्ट, सोम.
सकाळी पाकीट दिलं. "जे खरं आहे ते लिहिलंय." मी चेंजिंग रूममध्ये जाऊन उघडलं. तिचं ते छापल्यासारखं अक्षर.
'कधीपासून व्यक्तिशः ओळखता?' 
'शनिवार, २ ऑगस्टपासून.' 
खाली: 'त्याआधी तेरा महिने शेजारी काम केलं. काम चोख. दोन्ही नावं हिचीच आहेत. कुसुम आईचं नाव, हे तिने मला स्वतः सांगितलं.' आणि सही.
अगं बाई! बारा महिने लागतात, ढळढळीत छापलंय वर! तेरा महिने शेजारी बसलीस, 'तेरा महिने' एवढं लिहिलं असतंस तर कुणाचं काय जात होतं? इतका संताप आला की पाकीट बुटांच्या कप्प्यात टाकलं आणि दिवसभर तिच्याशी बोलले नाही. 
घरी येऊन पुन्हा वाचलं. चार वेळा.

६ ऑगस्ट, बुध.
सुनीलदादाचा फोन. पाठवलास का? सगळं सांगितलं. "वेडी आहेस का? त्या बाईने तुझी वाट लावली. माझा पाठव, गप." 
म्हटलं, दादा, आपण तीन वर्षं नाही ओळखत एकमेकांना. 
 मग म्हणाला, "मी आलो तेव्हा माझ्यासाठीही एकाने असंच लिहिलं होतं. मला एअरपोर्टवर एकदा भेटलेला. आपली माणसं अशीच उभी राहिलीत गं. तू काय मला परकी आहेस?" 
 तो खोटं बोलत नाही, फॉर्म खोटं बोलतो. दादासाठी आपलं माणूस म्हटलं की झाली ओळख, आणि तशी ओळख नसती तर माझी आईसुद्धा शहरात टिकली नसती. त्याचा आवाज दुखावलेला वाटला. प्रज्ञा म्हणाला या वेळी, बरोबर.
तरी ठरत नाही.

७ ऑगस्ट
मॅनेजरने विचारलं, जागेसाठी अर्ज करतेयस ना? म्हटलं, बघते. दोन बाहेरचे अर्ज आलेत म्हणे, ब्रिस्बेनहून. 
ग्लेनिसला मी सकाळी म्हटलं, तुझ्या फॉर्मने मी बहुतेक नापास होणार. 
"हो, मला माहीत आहे," म्हणाली. "त्यांनी विचारलं तर मी फोनवर बोलेन. जास्त नाही सांगणार, आणि कमीही नाही." 
सॉरी म्हणाली नाही. मला वाटलं होतं म्हणेल.

८ ऑगस्ट, शुक्र.
संध्याकाळ. दोन्ही फाइली समोर उघड्या.
दादाच्या फॉर्ममधली ती बाई मी बराच वेळ पाहिली. तीन वर्षं घरोबा असलेली, सणासुदीला जाऊन येऊन असलेली, कुणाच्या तरी घरातली. किती बरं झालं असतं ती असते तर. तिला जागा मिळेल कदाचित, आणि मग सायंटिस्ट म्हणून बेंचवर मी बसेन, ग्लेनिसच्या शेजारी, रोज. 'पाहिलंस, की वाटतंय?' 
दादाला आधी मेसेज केला, रागावू नकोस, एप्रिलमध्ये जयंतीला टूनगॅबीला येते, तुझ्याकडेच उतरते. दोन निळ्या टिका आल्या, उत्तर नाही.
मग ग्लेनिसचा अपलोड केला. 'किती काळ ओळख' या रकान्यात आकडा टाकावा लागतो, महिन्यांत. शून्य टाकलं. सात वर्षांत या देशात मला ओळखणारं एक माणूस झालं, त्याला आज सहा दिवस, आणि त्यांच्या हिशेबात ते शून्यच. 
लाल अक्षरांत आलं: किमान अवधी पूर्ण होत नाही. तरीही पाठवायचं? 
येस दाबलं.