टेबलावरचा ठोकळा

१ मार्च
शी! आज ऑफिसात पोचतो तर माझ्या ठोकळ्यावर कुणीतरी चहाचा कप ठेवलेला. अकराशे पानांचं पुस्तक. एकोणीस वर्षं माझ्या टेबलावर उजव्या हाताला आहे — प्रोग्रॅम कसा लिहायचा, तारखा कशा मोजायच्या, कुठे काय अडतं, सगळं त्यात. आणि त्याची बशी केली! पुसताना शिसारी आली.

साहेबाला सांगितलं. साहेब माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला काका म्हणतो. हसला. आता हे कोण उघडतं काका, दार अडवायला ठेवा, म्हणाला. त्याचं ते हसणं दिवसभर डोक्यात बसलं.

२ मार्च
नव्या मुलीच्या मागे उभा राहून तिचं काम पाहिलं. काम कसलं! ती कॉम्प्युटरलाच विचारते, तो उत्तर ओकतो, ही उचलते आणि डकवते. वाचतसुद्धा नाही. हे का चालतं, असं विचारलं. म्हणे, "चालतंय ना, सर." वीट आलाय या वाक्याचा.

४ मार्च
भयंकर प्रकार. आमचा प्रोग्रॅम दवाखान्यांना रक्ताचे रिपोर्ट छापून देतो — पेशंटचा आकडा, आणि शेजारी त्या वयाला किती असायला हवा तो. आज फोन आला. चार दिवसांचं बाळ, अंगात रक्त कमी, आणि आमच्या रिपोर्टवर लिहिलेलं ‘योग्य’! शेजारी आकडे छापलेले मोठ्या माणसाचे. नर्सला बाळ पांढरंफटक दिसलं, तिने पुन्हा तपासायला लावलं, म्हणून निभावलं.

रिपोर्टचा भाग नव्या मुलीने गेल्याच महिन्यात बदललाय. शेवटच्या बदलावर नाव तिचंच. साहेबाने सगळ्यांसमोर झापलं. मीही तोंड सोडलं. तळपायाची आग मस्तकाला गेली होती! ठोकळा तिच्या पुढ्यात आपटला. "पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाच. मग माझ्या प्रोग्रॅमला हात लाव." रडेल असं वाटलं होतं. नाही रडली. पुस्तक पिशवीत घातलं आणि घरी घेऊन गेली.

५ मार्च
जेवताना ही म्हणाली, एवढं तोंड वाकडं का? सगळं सांगितलं. ही शाळेत शिकवते. पुस्तक आपटून कुणी शिकत नसतं, म्हणे. माझ्याच घरात माझी शिकवणी!

६ मार्च
टेबल बोडकं दिसतंय.

७ मार्च
दवाखान्याला लेखी उत्तर हवंय — चूक कुणाची, त्याच्यावर काय कारवाई केली. साहेबाने मला आत बोलावून सांगितलं, सोमवारी तिला काढावं लागेल. तुमचं काय मत? म्हटलं, न वाचता डकवणाऱ्यांना हीच शिक्षा. बाहेर आलो. ती डबा खाता खाता ठोकळा वाचत होती. खरकट्या हाताने! एवढंच की, पान उलटायला डावा हात वापरत होती.

८ मार्च
सगळे गेल्यावर ती माझ्या टेबलापाशी आली. "सर, हे शेवटचं पान तुम्ही वाचलंय का?"

सूचीच्या मागे, पुठ्ठ्याला लागून एक पान. शुद्धिपत्र! छापणाऱ्यांनी स्वतःच्या चुका कबूल केलेलं. त्यात सहावी ओळ — पान ४१२ वर तारीख तपासण्याच्या उदाहरणात लीप वर्षाची अट राहून गेली आहे.

पान ४१२ मला पाठ आहे. एकोणीस वर्षांपूर्वी ते उदाहरण मी जसंच्या तसं प्रोग्रॅममध्ये उतरवलं. डोळे झाकून. म्हणजे माझा प्रोग्रॅम एकोणतीस फेब्रुवारी ही तारीख मानतच नाही. जन्मतारीख मानली नाही की वय निघत नाही, आणि वय निघालं नाही की तो सरळ मोठ्यांचे आकडे छापतो. बाळ एकोणतीसचंच होतं. मुलीने जे बदललं त्याचा यात काडीचा संबंध नाही.

ती हळूच म्हणाली, "याआधी चार वेळा एकोणतीस फेब्रुवारी येऊन गेलाय, सर."

ती बाळं कोण, कुठली, त्यांच्या रिपोर्टवर काय छापलं गेलं, कुणाला माहीत?

सोमवारी आपण साहेबांना सांगू, पुस्तक तुमचं आहे, तुम्हीच दाखवलेलं बरं, असं म्हणून ती ठोकळा माझ्या टेबलावर ठेवून गेली. अकराशे पानं चार दिवसांत वाचली पोरीने. मी एकोणीस वर्षांत शेवटचं पान उलटलं नाही.

१० मार्च
दोन दिवस अन्न गोड लागत नाही. निवृत्तीला दीड वर्ष उरलंय. ‘काकांना विचारा, काकांना सगळं ठाऊक’ — एवढीच काय ती माझी इज्जत. ही खोदून खोदून विचारते. काही नाही म्हणतो. आरशात बघवत नाही.

११ मार्च
साहेबाने पुस्तक मागवलं. मुलीने मागून उघडलं. सूची संपली की पुठ्ठा. ती पानं उलटत राहिली — मागून, पुढून, परत मागून. मग माझ्याकडे बघत राहिली. साहेबाने विचारलं, "काका, असं काही पान आहे का यात?"

"नाही," म्हटलं.

दुपारी ती सामान घेऊन गेली. संध्याकाळी लीप वर्षाची अट मी गुपचूप घातली. पोरीची चूक निस्तरली असं समजून साहेबाने पाठ थोपटली, म्हणाला, तुमचा ठोकळा राहू दे बुवा टेबलावर.

पान सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन मीच फाडलं. पट्टी लावून, नीट.