उजवा पाय पुढे

बाबा, मागच्या आठवड्यात ऑफिसातल्या एका मुलीने मला सांगितलं की तुम्ही माझे पाय उलटे लावले होते. म्हणजे स्नोबोर्डवरचे. तुम्ही असतात तर चष्मा कपाळावर चढवून "कोण म्हणतं?" असं विचारलं असतं आणि मग त्या मुलीची काही खैर नव्हती. तुम्ही नाही, म्हणून लिहायला बसले. आई गेल्यापासून माझ्याशी मराठीत भांडणारं कुणी उरलेलं नाही, आणि हे भांडण मला इंग्रजीत करायचं नाही.

ग्लासगोतलं आपलं स्वयंपाकघर अजून तसंच्या तसं दिसतं. टेबलावर दोन पातेली पालथी घातली आहेत आणि त्यांच्यावर माझा नवा बोर्ड आडवा ठेवला आहे, अरुंद आणि लांब, फळीपेक्षा पट्टीच म्हणावी असा. माझ्या पंधराव्या वाढदिवसाची ती भेट. माझ्या वर्गातल्या बाकीच्या मुलींना हेअर स्ट्रेटनर मिळाले होते. तुम्ही माझ्या कंपासपेटीतला कोनमापक घेऊन बूट अडकवायचं बाइंडिंग फिरवत होतात. पुढचा पाय साठ अंशांवर, मागचा त्याहून थोडा कमी. का, तर बोर्ड अरुंद, बूट लांब. पाय आडवा राहिला तर बोर्ड कलल्यावर बुटाचं टोक बर्फात रुतणार आणि मी फेकली जाणार. पुढच्या पायाच्या चवड्याखाली एक पाचर, मागच्याच्या टाचेखाली दुसरी, म्हणजे गुडघे एकमेकांकडे झुकतात. तुम्ही भूल देणारे डॉक्टर. माणसाला झोपवण्याआधी जेवढं तपासायचात, तेवढंच त्या चार स्क्रूंना तपासलंत. मग आईची इस्त्री घेऊन बोर्डच्या पोटावर मेण फिरवलंत. पुढच्या रविवारी आईच्या सुती साडीवर तेच मेण उमटलं, तेव्हा मात्र तुम्हाला अचानक हॉस्पिटलचा फोन आठवला.

तुम्हाला हे वेड लागलं तेव्हा मंडळातल्या सगळ्यांनी तुमची थट्टा केली होती. गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत कुणीतरी विचारलंही होतं की डॉक्टरसाहेब, या वयात हाडं मोडायची हौस कशी काय? बाकीचे काका बॅडमिंटन खेळत होते, फार तर गोल्फ. तुम्ही मात्र डोंगरावर एका माणसाला बर्फात पेन्सिलीची ओढावी तशी बारीक रेघ ओढत खाली येताना पाहिलं होतंत, आणि तेव्हापासून तुम्हाला तीच रेघ हवी होती. रुंद पट्टा उठला तर बोर्ड घसरला, बारीक रेघ उठली तर बोर्डच्या धारेने बर्फ कापला. वळण संपलं की तुम्ही मागे वळून आधी रेघ बघायचात, मग माणूस.

पण पाय उलटे कसे झाले, ते सांगते. डोंगरावरचा माझा पहिला दिवस. बोर्ड भाड्याने देणाऱ्या शेडमध्ये एक शिकवणारी बाई होती. तिने मला पाठ करून उभं केलं आणि न सांगता मागून ढकललं. तोल जाताना कुठला पाय पुढे पडतो ते ती बघत होती. माझा डावा पडला. ती "रेग्युलर" म्हणाली आणि डावा पाय पुढे येईल असं बाइंडिंग लावायला लागली. तेवढ्यात तुम्ही मध्ये पडलात. तुम्ही, ज्यांनी घरात कधी सत्यनारायण होऊ दिला नाही, जे आईला पत्रिका बघण्यावरून चिडवायचात, तेच तुम्ही तिथे मराठीत मला म्हणालात, "पहिल्यांदा बर्फावर पाऊल टाकते आहेस, ते काय डाव्या पायाने टाकणार? उजवा पुढे घे." आणि तिला इंग्रजीत सांगितलंत, "शी इज गूफी, लाइक मी." गूफी म्हणजे उजवा पाय पुढे ठेवणारी. त्या बाईने खांदे उडवले. मला त्याचं काहीच वाटलं नाही. नव्या घरात, परीक्षेच्या हॉलमध्ये, विमानात आपण उजवा पाय आधी टाकायचो. बर्फावर वेगळा नियम का असेल? आणि "लाइक मी" हे ऐकून तर मी खूशच झाले होते.

मग वर्षानुवर्षं आपली तीच पद्धत. तुम्ही आधी खाली जायचात, उताराच्या मध्यावर, उतरताना डावीकडे येणाऱ्या लाकडी पट्ट्यांच्या कुंपणाशी थांबायचात, कारण तिथे वारा कमी, आणि हात वर करायचात. मग मी निघायची. उजवा पाय पुढे असला की तोंड आपोआप थोडं डावीकडे राहतं. त्यामुळे चवड्यावरचं वळण तुमच्याकडे येणारं, आणि टाचेवरचं तुमच्यापासून लांब जाणारं. तुमच्याकडे येणारं वळण मला पहिल्या हिवाळ्यातच जमलं. गुडघे वाकवून, कंबर खाली, खांदे सपाट, हात बर्फाला लावायचा मोह टाळून, नजर वळणाच्या पलीकडे. लांब जाणारं कधीच जमलं नाही. दर वेळी मागचा पाय सुटायचा, बोर्ड खरवडत जायचा आणि मागे झाडूने ओढल्यासारखा पट्टा उरायचा.

तुम्ही सगळं करून पाहिलंत. कोन बदललेत, पाचर काढलीत, परत घातलीत, धार घासलीत. एका फेब्रुवारीत, बर्फाची नुसती काच झालेली असताना, मी लागोपाठ पडत होते. तुम्ही कुंपणापासून चढत वर आलात. मला वाटलं, हात द्यायला. तुम्ही म्हणालात, "सेटअपमध्ये काही चूक नाही. तू मागे बसतेस, कारण तुला भीती वाटते. भित्र्या माणसाला मी काय शिकवू?"

गाडीत तुम्ही थर्मासमधला आल्याचा चहा आधी मला दिलात, तोच तुमचा माफीनामा असणार. पुन्हा कधी तसं बोलला नाहीत. पण माझ्यासाठी ते वाक्य कायमचं झालं. तुम्ही जे तपासून सांगायचात ते खरंच असायचं, मग हेही खरं असणार. मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला असताना तुम्ही हॉस्पिटलच्या कॅन्टीनच्या रांगेत कोसळलात आणि गेलात. त्यानंतर ते वाक्य खोडून काढायलाही कुणी नव्हतं. कॅनडातली नोकरी नाकारली, तेव्हा मी स्वतःला सांगितलं की मी भित्री. एका चांगल्या माणसाने लग्नाचं विचारलं आणि मी विचार करायला इतका वेळ घेतला की त्याने दुसरीशी संसार थाटला, तेव्हाही तेच. भित्रेपणाचा एक फायदा असतो, दुसरं कारण शोधावं लागत नाही.

आता मी इंग्लंडात, ब्रॅकनेलला असते. इतरांनी लिहिलेल्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते, हे ऐकून तुम्ही हसला असतात. एका बेडरूमचा फ्लॅट आहे, एक कुकर, एक ताट, दोन कप. शुक्रवारी ऑफिस सुटलं की गाडीत बोर्ड टाकून एका मोठ्या बंद हॉलमध्ये जाते. आत बारा महिने बर्फ असतो आणि फ्रीजचं दार उघडल्यावर येतो तसा वास. टीनएजर पोरं टोळक्याने येतात, मुलांचे वाढदिवस असतात. मी हार्ड बूट घालून खडखडत जाते, तेव्हा लोक वाट सोडतात. अख्ख्या संध्याकाळी तोंडातून निघणारा शब्द म्हणजे वर ओढून नेणाऱ्या दोरीपाशी उभ्या असलेल्या माणसाला म्हटलेलं "चिअर्स". तिथेही डाव्या बाजूला जाळी आहे.

तर मागच्या आठवड्यात सकाळी ऑफिसच्या कारपार्कात बर्फ गोठला होता. मी लॅपटॉपची बॅग सांभाळत घाईत निघाले, पाय सटकला, आणि मी पडले नाही. उभीच्या उभी, सरळ, दारापर्यंत घसरत गेले. मागून माझ्या टीममधली ती मुलगी येत होती. ती दर वर्षी मित्रमैत्रिणींबरोबर आल्प्सला स्नोबोर्डिंगसाठी जाते. टाळ्या वाजवून म्हणाली की तू रेग्युलर आहेस हे कधी बोलली नाहीस. मी म्हटलं, नाही, मी गूफी. तिने माझ्या पायांकडे बोट दाखवलं. डावा पुढे होता. "हू टोल्ड यू गूफी?" तिने विचारलं. "माय डॅड," मी म्हणाले. ती हसली, "डॅड्स," म्हणाली आणि कार्ड लावून आत गेली. मी थंडीत तिथेच उभी राहिले, आणि ती शेड, पाठीवरचा तो धक्का, "उजवा पुढे घे", सगळं एकदम आठवलं. मला तुमचा इतका राग आला की डोळ्यांत पाणी आलं.

त्या संध्याकाळी घरी पातेली पालथी घातली. तुम्ही घट्ट केलेले स्क्रू मी आजवर झिजलेल्या क्लिपा बदलायलासुद्धा पूर्ण काढले नव्हते. ते काढले. कोन उलटे केले, पाचरी अदलाबदल केल्या, डावा पाय पुढे. शुक्रवारी हॉलमध्ये पहिल्या दोन खेपांना मी नवशिक्यासारखी आपटले. तिसऱ्या खेपेला चवड्यावरचं वळण आलं, आणि त्याच्या पाठोपाठ, बाबा, टाचेवरचं. मागचा पाय सुटला नाही. काही खरवडलं नाही. तळाशी थांबून मी मागे बघितलं, आधी रेघ. दोन्ही वळणांना बारीक होती. भित्री नव्हते मी. डावा पाय पुढे हवा होता, एवढंच होतं. हे मला तुम्हाला ओरडून सांगायचं होतं, म्हणून हे पत्र सुरू केलं.

पण आता पुढचं. आणखी दोन खेपा मारल्या, दोन्ही सुंदर. आणि मग लक्षात आलं की काहीतरी चुकतं आहे. डावा पाय पुढे असला की तोंड उजवीकडे राहतं. डावीकडची जाळी माझ्या पाठीशी गेली होती. इतकी वर्षं मी दर शुक्रवारी उतारावरून निघताना त्या जाळीच्या मध्यावर नजर टाकत होते, हे मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं. तिथे कुणी हात वर करून उभं नसतं, हे मलाही कळतं. तरीही पाठ करून जाववेना.

काल रात्री कोनमापक घेऊन स्क्रू परत तुम्ही लावले होतेत तसे लावले, उजवा पाय पुढे. टाचेवरचं वळण पुन्हा घसरणार आहे. घसरू दे.