दोनशेची पाटी

४ फेब्रुवारी, रविवार

गेलो! पुन्हा खडीत गेलो! तिसऱ्यांदा, त्याच वळणावर!

रेसच्या ट्रॅकवरचा लांबलचक सरळ रस्ता संपतो आणि एकदम उजवं वळण. त्याआधी कडेला तीन पाट्या – तीनशे, दोनशे, शंभर मीटर. दोनशेला ब्रेक दाबायचा, एवढं साधं काम. दाबला. पेडल लोण्यात पाय घातल्यासारखं खाली गेलं आणि माझी लाल राणी सरळ ट्रॅकबाहेर! खडीत चाकं रुतवून बसली. ओढायला ट्रॅक्टर आला. कुंपणाशी सगळे मोबाइल काढून उभे. ही पण होती, पाण्याची बाटली घेऊन. तिने मोबाइल काढला नाही, हे तिचे उपकार.

ट्रॅकवर शिकवणारा पोरगा – आम्ही त्याला उस्ताद म्हणतो, आहे माझ्या मुलीच्या वयाचा – आवाज न चढवता म्हणाला, "काका, अजून एकदा बाहेर गेलात तर या मोसमात गाडी काढू देणार नाही. बाकीच्यांनाही जीव आहे." तोंडात मारल्यासारखं झालं. राग आला, पण चूक काय त्याची?

५ फेब्रुवारी, सोमवार

दोष ब्रेकचा. ठरलं. सगळे ब्रेक बदलायचे!

दुकानात कामात लक्षच नव्हतं. गिऱ्हाईकाचं घड्याळ उघडलं आणि त्यातली चाकं बघत ब्रेकच्या डिस्कचाच विचार करत बसलो. तेवढ्यात शेजारचे लिफ्टवाले आले. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता घरी बसून कंटाळलेत. त्यांना सांगितलं तर माझ्यापेक्षा तेच जास्त पेटले. म्हणे, आपल्या शेडमध्येच करू, जॅक माझा, चहा तुमचा.

ही म्हणाली, करा काय करायचं ते, पण आधी नीट बघून चालवा. हिची शाळेची व्हॅन. वीस वर्षांत एका पोराचा डबा सांडू दिला नाही, हा तिचा तोरा. तिला ट्रॅकवरचं काय कळणार?

९ फेब्रुवारी, शुक्रवार

खोकी आली!! खाचा पाडलेल्या डिस्क, कडक पॅड, तारेने विणलेल्या नळ्या, आणि कॅलिपर – डिस्कला दोन्हीकडून चावणारे हे जाडजूड जबडे. पिवळेधमक. जेवणाच्या टेबलावरच मांडले. ही म्हणाली, आता यांनाही वाढू का?

पॅडच्या खोक्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत सूचना होत्या. हिला चष्मा लावूनही वाचता येईनात. मी बिनचष्म्याने घडाघडा वाचून दाखवल्या! गेल्या उन्हाळ्यापासून माझा वाचायचा चष्मा कपाटातच पडून आहे. दुकानात बारीक स्क्रूसुद्धा बिनचष्म्याने लागतो. लोकांचं वय वाढतं, माझं उतरतंय. हे तिला मुद्दाम दोनदा ऐकवलं. तिने कुकर लावला.

११ फेब्रुवारी, रविवार

हात काळे, कंबर कामातून गेलेली, पण काय दिवस होता!

जुने पॅड काढले तर करपलेल्या पावासारखे. जुनं ब्रेक ऑइल तर कोऱ्या चहाच्या रंगाचं. लिफ्टवाले वास घेऊन म्हणाले की असल्या तेलावर त्यांनी लिफ्टमध्ये मांजरसुद्धा चढवलं नसतं. बघा! मी म्हणत नव्हतो? ते तेल तापून उकळलं की पेडल मऊ पडणारच. माझा जीव भांड्यात पडला. म्हणजे मी चुकत नव्हतो.

डावीकडची चाकं मी केली, उजवीकडची त्यांनी. नवं तेल भरलं, नळ्यांतली हवा काढली. मोठ्या ऐटीत आत बसून पेडल दाबलं. मऊ! पुन्हा हवा काढली, पुन्हा दाबलं. मऊच!

१२ फेब्रुवारी, सोमवार

अजून मऊ. आता लिफ्टवाले माझ्याशी बोलत नाहीत आणि मी त्यांच्याशी.

१३ फेब्रुवारी, मंगळवार

सापडलं!! पुढचे कॅलिपर आम्ही उलटसुलट बसवले होते. डाव्या चाकाचा उजवीकडे, उजव्याचा डावीकडे. त्यामुळे हवा काढायचा स्क्रू वर यायचा तो खाली गेला. हवा बसली वरच्या टोकाला आणि आम्ही खालून तेल सोडतोय, बादलीभर! लिफ्टवाल्यांनी कपाळावर हात मारला आणि मग दोघंही जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.

बदलले. हवा भसकन निघाली. आता पेडल दगडासारखं! शेडमध्ये नाचायचाच बाकी होतो.

१७ फेब्रुवारी, शनिवार

नव्या पॅडांची डिस्कशी ओळख करून द्यायची असते. वेग घ्यायचा, जोरात ब्रेक, पण पूर्ण थांबायचं नाही. पुन्हा वेग, पुन्हा ब्रेक. कारखान्यांच्या मागच्या रिकाम्या रस्त्यावर गेलो, ही शेजारी. पहिल्याच ब्रेकला तिची पर्स मांडीवरून उडून पुढे आपटली. वा! गाडी रस्त्याला चिकटतेच! जळका वास सुटला, तोही मला अत्तरासारखा वाटला.

येताना ही एकदम ओरडली. गतिरोधक होता. गाडी टुणकन उडाली, माझं डोकं छताला. म्हणाली, एवढी मोठी पाटी होती, दिसली नाही? मी म्हटलं, माझं लक्ष ब्रेककडे होतं. मग घरी येईपर्यंत ती रस्त्याऐवजी माझ्याकडेच बघत होती. हिचं हे असंच, चांगल्या दिवसाला गालबोट.

२४ फेब्रुवारी, शनिवार

उद्या! गाडी धुतली, चाकांचे नट स्वतः तपासले. लिफ्टवाल्यांनी पुन्हा तपासले. उद्या बाहेर गेलो तर सगळं संपलं. पण नाही जाणार! संध्याकाळपासून तीनदा शेडमध्ये डोकावून आलो. ही म्हणाली, उद्या मी पण शेजारी बसणार. हेल्मेटसुद्धा मागून आणलंय कुठून तरी.

२५ फेब्रुवारी, रविवार

ब्रेक अप्रतिम. हे आधी लिहितो, कारण पुढचं लिहायला हात होत नाही.

पहिल्या फेऱ्यांना उस्ताद शेजारी. सरळ रस्ता, तो म्हणाला "आता", मी दाबला. आहाहा! पट्टा छातीत रुतला, गाडी जागच्या जागी बसली, वळण अगदी वाकून नमस्कार केल्यासारखं घेतलं. प्रत्येक वेळी तो म्हणाला "आता", प्रत्येक वेळी जमलं. उतरताना त्याने पाठ थोपटली. मी आकाशात!

मग ही बसली. तोच रस्ता, तोच वेग. मी वाट बघतोय दोनशेच्या पाटीची. येईना. आणि ही एवढ्या जोरात "ब्रेक!" म्हणाली की पाय आपोआप गेला. नवे ब्रेक होते म्हणून वाचलो. गाडी ट्रॅकच्या शेवटच्या पांढऱ्या पट्ट्यावर उभी राहिली, खडीपासून हातभर. जुन्या ब्रेकवर थेट पलीकडच्या टायरांच्या भिंतीत गेलो असतो. तिला घेऊन.

गाडी सावकाश आत आणली. हेल्मेट काढून तिने हळू आवाजात विचारलं, "अहो, खरं सांगा. दोनशेची पाटी कुठल्या रंगाची आहे?"

म्हटलं, पांढरी.

"भगवी आहे. पहिल्या दिवसापासून."

मी वळून बघितलं. उन्हात एक फिकट ठिपका होता. उस्तादच्या "आता"वर ब्रेक दाबत होतो मी. आणि तो नसताना ठिपका जवळ आल्यासारखा वाटला की, अंदाजाने. तिने चावी काढून स्वतःच्या खिशात टाकली. घरी व्हॅनवालीने आणलं.

२७ फेब्रुवारी, मंगळवार

मोतीबिंदू. दोन्ही डोळ्यांत.

डॉक्टरीणबाई तपासता तपासता म्हणाल्या, "अलीकडे जवळचं बिनचष्म्याचं दिसायला लागलं असेल ना?" मी छाती फुगवून हो म्हटलं. त्या म्हणाल्या, तेच तर लक्षण. आतलं भिंग घट्ट होत जातं, जवळचं सुधारतं, लांबचं जातं. पुष्कळ लोक खूश होऊन घरी बसतात.

मी खूश होऊन ट्रॅकवर गेलो.

घाबरलो. खूप. आमचं पोट माझ्या डोळ्यांवर चालतं. पण त्या म्हणाल्या, भिंग बदलता येतं, एकेक डोळा करू, घड्याळं आणि गाडी दोन्ही परत मिळतील. तोवर गाडीला हात लावायचा नाही. बाहेर आल्यावर हिचा हात घट्ट धरला. ती म्हणाली, पर्स राहिली आत, सोडा जरा.

१८ मार्च, रविवार

एका डोळ्याचं झालंय. काळा चष्मा लावून कुंपणाशी उभा होतो, पाण्याची बाटली घेऊन. गाडीत ही, शेजारी उस्ताद. भगवी पाटी! इथून दिसते, आकड्यासकट! आणि ही दोनशेला ब्रेक लावेना. दीडशेलाही लावेना. मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिने दाबला आणि वळण असं घेतलं, असं घेतलं, की मी बाटली सोडून टाळ्या वाजवल्या. उतरली ती लालबुंद होऊन. म्हणाली, "मागे मुलं नसली की किती बरं वाटतं हो!"

उस्तादने मला बाजूला घेऊन विचारलं की काकू आधी कुठे चालवायच्या, आणि पुढच्या वेळी नाव कोणाचं लिहू?

म्हटलं, हिचं. जागा उरली तर खाली माझं.