आहारमित्राची नात

३ जून १९९७, सावली
आजपासून डायरी. मोठी माणसं लिहितात, आणि परवा मीही मोठा झालो. मेडिकल स्टोअरवाले पुष्कळ, पण कंपनीने नागपूरच्या हॉटेलात नेऊन 'आहारमित्र' मलाच केलं. बिल्ला, भिंतीवरचं घड्याळ आणि पनीरची भाजी मिळाली. बाळांच्या पावडर-दुधाची जाहिरात कायद्याने बंद आहे. कंपनीचे प्रफुल साहेब म्हणाले, आपण जाहिरात करत नाही, मार्गदर्शन करतो. ऐकून मन साफ झालं. तिथे तक्ताही दाखवला: दीड महिन्यानंतर आईचं दूध पुरत नाही. तक्ता कंपनीचाच. कागद काय गुळगुळीत!

९ जून
संकल्प: मार्गदर्शन घरापासून. मुलगी रोशनी बाळंतपणाला आलेली आहे. नात दीड महिन्याची, गुटगुटीत. 'शिशुबल'चा डबा फोडला. बायको गोकुळा म्हणाली, पोरीले भरपूर दूध येते, मंग डबा काऊन? तिला तक्ता दाखवला. तिला वाचता येत नाही, त्यामुळे वाद लवकर मिटला.

१७ जून
रोशनीचं पोलकं दिवसभर ओलं असायचं. आता थांबत आलंय. सगळं ठरल्याप्रमाणे.

२ जुलै
डब्यावरच्या मापाने दूध फार घट्ट होतं. आपल्याकडे लेकराला पेज पातळच देतात, घट्ट पेज नांगर धरणाऱ्याची. नागपूरवाल्यांना हे काय कळणार? माप निम्म्याहून कमी केलं. कंपनीतर्फे खेड्यांतल्या बायांचं शिबिर घेतो, तिथेही हेच सांगितलं, नातीचं उदाहरण देऊन. बायांना लगेच पटलं. साहेबांना कळवलं. ते हसून म्हणाले, डबा परवडला की गिऱ्हाईक टिकतं. म्हणजे शाबासकीच.

२० जुलै
नात फार रडते. आवाज दमदार आहे. जुलाब सुरू. दात येत असावेत. तिसऱ्या महिन्यात दात म्हणजे हुशारीच.

४ ऑगस्ट
हल्ली रडत नाही. सवय लागली शेवटी. मांड्यांची कातडी लोंबते. वजन करायचं नाही असं ठरवलं, दृष्ट लागते. ढिवरांची वच्छलाबाई मासोळ्या घेऊन आली होती. नातीकडे बघून रोशनीला म्हणाली, छातीशी लाव तिले. रोशनीने लावलं. काही आलं नाही. दोघी बाया रडल्या. मी दुकानात गेलो, शिबिराची तयारी होती.

५ ऑगस्ट
दोष विहिरीच्या पाण्याचा. उद्यापासून उकळून. आज सरपण ओलं.

१२ ऑगस्ट
नदी ओलांडून गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणजे पोरच, रोशनीच्या वयाची. काय पाजता विचारलं. सगळं सविस्तर सांगितलं, पातळ करण्याची युक्तीसुद्धा. ती म्हणाली, "काका, ही उपाशी आहे." म्हटलं, बाटली तोंडची सुटत नाही तिच्या. तिने तेच वाक्य पुन्हा म्हटलं. या मुलांना अनुभव नसतो.

१४ ऑगस्ट
गेली. वैनगंगेकाठी पुरलं. मीच नेलं हातावर. ओझं असं जाणवलंच नाही.

३० ऑगस्ट
रोशनी काल सासरी गेली. निघताना एवढंच बोलली, "बाबा, मले दूध होतं." राग उतरेल. पोटच्या पोरीचा राग किती दिवस टिकणार?

आज दुकान उघडलं. डबे काढून टाकायचे असं रात्री पक्कं ठरवलं होतं, पण प्रफुल साहेब नवे तक्ते घेऊन आले. चहा मागवावा लागला. तेवढ्यात खेड्यावरची एक बाई आली, लेकरू पदराखाली पीत होतं. म्हणाली, शिबिरात ऐकलं होतं तुमचं, नातीले देता तोच डबा द्या. मी डब्याला हात लावला आणि तसाच उभा राहिलो. साहेब बघत होते. बाईने विचारलं, "नात केवढी झाली जी?"

पालथी पडते आता, म्हटलं. डबा दिला.